गळतीचा माग : बेळगाव-निपाणी पट्ट्यातील इंजिन-कारागिरी आणि पाण्याने थंड होणारी मोटारसायकल

मोटारसायकलच्या इंजिनातील कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दर महिन्याला थोडे थोडे कमी होते, जमिनीवर थेंब दिसत नाही, सगळ्या क्लिपा आवळून होतात, रबरी नळ्या बदलून होतात आणि तरीही कूलंटच्या राखीव बाटलीतील पातळी पुन्हा खालच्या रेघेवर येते, ही तक्रार बेळगाव, संकेश्वर आणि निपाणी भागातील गॅरेजांत अलीकडच्या दीड दशकातच ऐकू येऊ लागली, कारण त्याआधी या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारसायकलींमध्ये कूलंट नावाची वस्तूच नव्हती. मात्र चालत्या यंत्रातून पाणी कोठून गळते याचा माग काढण्याची विद्या या पट्ट्यात मोटारसायकलीच्या कितीतरी आधीची आहे. दुचाकीच्या मेस्त्रीला ती स्वतःच्या धंद्यातून मिळाली नाही. नदीकाठचे पंप, शेतावरची ऑइल इंजिने आणि महामार्गावरील ट्रकांचे रेडिएटर या शेजारच्या धंद्यांतून ती त्याच्याकडे आली, असे मानण्यास आजच्या गॅरेजमधील कामाच्या पद्धतीच पुरेसा आधार देतात.

या इतिहासाचा आरंभ बेळगावातच शोधावा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईत यंत्ररेखनाचे शिक्षक म्हणून काम करीत असताना त्यांनी १८८८ मध्ये आपले बंधू रामचंद्रपंत यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि पुढे नोकरी सोडून ते स्वतः बेळगावला आले. सायकली विकणे आणि दुरुस्त करणे यांतून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. नगरपालिकेने कारखान्याची जागा मोकळी करण्यास सांगितल्यावर हा उद्योग १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर गेला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. बेळगावच्या दृष्टीने कारखाना गेला ही हानी झालीच, परंतु दोन चाकांच्या वाहनाची दुरुस्ती आणि शेतीच्या यंत्रांची निर्मिती ही कामे एकाच हाताखाली, एकाच दुकानात सुरू झाली ही घटना पुढील काळाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. या भागातील कारागिराने सायकल, पंप, इंजिन आणि मोटार यांच्यामध्ये पक्क्या भिंती कधी उभ्या केल्या नाहीत.

किर्लोस्करांनी १९२० च्या दशकात पंप बनवण्यास सुरुवात केली आणि कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी व घटप्रभा यांच्या काठांवर मोटेची जागा हळूहळू पंपाने घेतली. यातील बहुतेक पंप केंद्रोत्सारी म्हणजे सेंट्रिफ्युगल जातीचे होते. अशा पंपात बंद डबीत एक पंखा वेगाने फिरतो, मध्यातून आत आलेले पाणी कडेकडे फेकले जाते आणि त्या जोराने नळीत चढते. पंखा पाण्यात आणि त्याला फिरवणारी शक्ती बाहेर असल्यामुळे दोहोंना जोडणारा दांडा डबीच्या भिंतीतून आरपार जातो. भिंतीला भोक आले की तेथून पाणी येणारच, आणि दांडा फिरता असल्यामुळे ते भोक कायमचे बुजवताही येत नाही. जुन्या पंपात यावर उपाय म्हणून दांड्याभोवती चरबी किंवा ग्रॅफाइट लावलेल्या दोरीचे वेढे घालून ते वरून आवळीत. या रचनेस ग्लँड म्हणतात. ग्लँड फार आवळला तर दोरी जळते आणि दांड्यावर चर पडतात, तर सैल सोडला तर पाणी वाहू लागते, म्हणून तो थेंब थेंब गळत राहील इतपतच आवळायचा असतो, कारण त्या थेंबांनीच दोरी ओली आणि थंड राहते. गळती म्हणजे नेहमीच बिघाड असे नव्हे, काही गळती यंत्राच्या रचनेत धरलेली असते आणि मेस्त्रीने प्रश्न विचारायचा तो गळती किती आणि केव्हा याचा, हा धडा नदीकाठच्या पंपाने फिटरांना शिकवला. तो पुढे मोटारसायकलच्या पोटात दडलेल्या बोटभर पंपापर्यंत उपयोगी पडला.

दुसरा धडा ऑइल इंजिनाचा होता. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे सुरू झाली, आणि कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर हे तर ऑइल इंजिने, त्यांचे सुटे भाग आणि ओतकाम यांचे केंद्रच बनले. निपाणी कोल्हापूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असल्यामुळे तेथील इंजिने, फिटर आणि सुटे भाग यांची ये-जा राज्याची सीमा बदलल्यानंतरही चालू राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याचा हा भाग मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाप्रश्न उभा राहिला, तरी पिस्टनच्या रिंगा आणि हेडचे गॅस्केट कोल्हापूरहूनच येत राहिले. या संथ गतीच्या इंजिनांतील बरीच पाण्याने थंड होणारी होती. सिलिंडरभोवती दुहेरी भिंत असे आणि मधल्या पोकळीतून, म्हणजे जॅकेटमधून, पाणी खेळे. ज्या इंजिनावर पंप चाले त्याच पंपाच्या पाण्यातील एक बारीक धार जॅकेटमधून फिरवून पाटात सोडून देण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असे. गुऱ्हाळावरच्या इंजिनाला मात्र शेजारी भरून ठेवलेल्या पिंपाचा आधार असे. अशा इंजिनात हेडचे गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचे झाकण यांच्यामधील पातळ अस्तर, फाटले की ज्वलनाचा वायू जॅकेटमध्ये शिरतो आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे येऊ लागतात. इंजिन न उघडता केवळ पाण्याकडे पाहून हेडचा दोष ओळखण्याची ही खूण होती.

तिसरा आणि बहुधा सर्वांत प्रभावी धडा पुणे-बंगळूर रस्त्याने दिला. हा रस्ता कागल सोडून दूधगंगा ओलांडतो, कोगनोळीपाशी कर्नाटकात शिरतो, यमगर्णीजवळ वेदगंगेवरून निपाणीला येतो, तेथून तवंदी घाट चढून संकेश्वरकडे जातो आणि पुढे वंटमुरीचा घाट पार करून बेळगावच्या पठारावर पोचतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी १०० ऐवजी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. भरलेला ट्रक घाट चढताना इंजिनावर सर्वाधिक ताण येतो, वेग कमी असल्यामुळे वारा कमी मिळतो आणि उकळबिंदूही खाली आलेला असतो. या तिन्ही कारणांनी घाटमाथ्यावर रेडिएटर उकळणे ही जुन्या ट्रकांच्या काळातील नित्याची गोष्ट होती. ओले पोते टाकून झाकण सैल करणे, वाफ निवेपर्यंत थांबणे आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी न ओतणे हे नियम चालकांनी हात भाजून घेऊन शिकलेले होते.

रस्त्याकडेच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानांचा उगम या गरजेत आहे. त्या काळचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे; बारीक उभ्या नळ्या, त्यांच्यामधून वारा जाण्यासाठी पातळ पापुद्रे आणि वर-खाली दोन टाक्या, हे सर्व कथिल-शिशाच्या डागाने जोडलेले असे. कारागीर रेडिएटरची तोंडे बुचांनी बंद करून, एका तोंडातून हवा भरून तो पाण्याच्या हौदात बुडवीत आणि बुडबुडा जेथून निघेल तेथे खूण करून डाग देत. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याची रीत हीच. ज्यांना दुकानापर्यंत पोचायचे नसे किंवा पोचता येत नसे ते रेडिएटरमध्ये हळद टाकीत. हळदीचे कण फुगून बारीक भेगेत अडकतात आणि गळती काही काळ थांबते. रुंद नळ्यांच्या रेडिएटरमध्ये हा उपाय मुक्कामापर्यंत नेण्यास पुरेसा होई. अरुंद नळ्यांच्या आधुनिक रेडिएटरमध्ये मात्र तोच उपाय घातक ठरतो, कारण हळद भेग बुजवते त्याबरोबर वाटही बुजवते.

या सर्व काळात मोटारसायकलचे गॅरेज पाण्यापासून अलिप्त राहिले. १९५५ पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेली बुलेट, १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून येणारी जावा आणि तिच्यामागून आलेली येझदी, राजदूत, १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १०० या सर्व गाड्यांची इंजिने हवेने थंड होणारी होती. सिलिंडरवरील आडवे पंख उष्णता पसरवून वाऱ्याला देत, आणि त्यात गळण्यासारखे काही असेल तर ते ऑइल किंवा पेट्रोल. टू-स्ट्रोक गाड्यांच्या मेस्त्रीचे कौशल्य कार्बन काढणे, पॉइंट जुळवणे, कार्बोरेटर साफ करणे आणि आवाजावरून पिस्टनचा ढिलेपणा ओळखणे यांत होते. ते कौशल्य कमी दर्जाचे नव्हते, परंतु पाण्याच्या गळतीशी त्याचा संबंध आला नाही. त्यामुळे दुचाकीचा मेस्त्री आणि रेडिएटरवाला एकाच रस्त्यावर असूनही दोघांना एकमेकांचे काम पडत नसे.

जगाच्या इतिहासात मात्र पाण्याने थंड होणारी मोटारसायकल नवी नव्हती. मोटारसायकल या नावाने विकल्या गेलेल्या पहिल्या वाहनांपैकी १८९४ च्या सुमाराची जर्मनीतील हिल्डेब्रँड आणि वोल्फम्युलर ही गाडी पाण्यानेच थंड होत असे आणि तिच्या मागच्या चाकावरील मडगार्ड हीच पाण्याची टाकी होती. इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९०८ पासून पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या विकल्या. त्यांत पंप नसे, तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे आणि निवलेले खाली येई. जपानच्या सुझुकीने १९७१ मध्ये जीटी ७५० ही गाडी आणली आणि त्यानंतर मोठ्या गाड्यांत ही रचना रुळली. भारतात ती सर्वसामान्य तरुणाच्या आवाक्यात आली ती २००८ मध्ये यामाहाच्या आर १५ या १४९ सीसीच्या गाडीने. २०१२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएम ड्यूक २०० आणि त्याच वर्षी पल्सर २०० एनएस आली. २०१८ मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले तेव्हा तिच्या सिलिंडरवर शोभेसाठी जुने पंख होते, पण आत पाणी खेळत होते. म्हैसूरच्या जुन्या जावावर हात बसलेल्या मेस्त्रीसमोर त्याच नावाची गाडी अगदी निराळी शरीररचना घेऊन उभी राहिली.

कूलंट म्हणजे नुसते पाणी नव्हे. साधारण अर्धे शुद्ध पाणी, अर्धे इथिलीन ग्लायकॉल नावाचे गोडसर पण विषारी द्रव्य आणि गंज रोखणारी रसायने यांचे ते मिश्रण असते. युरोपातील थंडीत पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉलचा वापर सुरू झाला, बेळगावात तो गुण निरुपयोगी आहे. येथे त्याचा लाभ म्हणजे उकळबिंदू काही अंशांनी वर जातो आणि ॲल्युमिनियम गंजत नाही. उकळबिंदू आणखी वर नेण्याचे काम रेडिएटरचे झाकण करते. झाकणातील स्प्रिंग हवेच्या दाबाहून साधारण १.१ बार अधिक, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट एकूण दाब, आत टिकवून धरते आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब मर्यादेपलीकडे गेला की झाकण जादा द्रव राखीव बाटलीत सोडते, आणि इंजिन निवले की तोच द्रव बाटलीतून परत ओढला जातो.

चिवट गळतीचे रहस्य या श्वासोच्छ्वासात आहे. झाकणाचे रबर कडक झाले तर द्रव बाहेर जातो पण परत येत नाही, किंवा दाबच टिकत नाही आणि कूलंट वाफ होऊन निघून जाते. दोन्ही प्रसंगी नळ्या, क्लिपा आणि रेडिएटर निर्दोष असतात आणि तेच आधी बदलले जातात. झाकणाची किंमत सर्वांत कमी आणि संशय सर्वांत शेवटी, ही विसंगती दुरुस्तीच्या खर्चाचे एक मोठे कारण आहे. काही गळत्या केवळ गरम इंजिनात होतात, कारण तेव्हाच दाब असतो. काही केवळ थंडीत होतात, कारण रबरी नळी आणि धातूचे तोंड वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बेळगावच्या थंडीत क्लिपेपाशी दिसणारा थेंब इंजिन तापल्यावर नाहीसा होतो आणि गाडी गॅरेजला पोचते तेव्हा कोरडी असते. म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेणे आणि ती सुरू करण्याआधी तपासणे ही कटकट नसून तपासाचा आवश्यक भाग आहे.

थेंब दिसला तरी तो जेथे दिसतो तेथूनच निघालेला असतो असे नाही. समोरच्या वाऱ्याने द्रव मागे ढकलला जातो, इंजिनाच्या अंगावरून ओघळतो आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडून उडून जातो. मागे राहतो तो सुकलेल्या रसायनाचा हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा आणि गोडसर वास. अनुभवी मेस्त्री आधी इंजिन स्वच्छ धुऊन वाळवतो, मग पापुद्रा पुन्हा कोठे उगवतो ते पाहतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने वर वर जातो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातील चिखल डांबरी रस्त्यावर येतो, पुढच्या चाकाने तो उडून रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसतो आणि सुकतो. त्या चिखलाखाली झालेली भेग डोळ्यांना दिसत नाही, शिवाय जोराच्या पाण्याने धुताना मऊ पापुद्रे वाकतात ते निराळेच.

सर्वांत अधिक फसवणारी जागा वॉटर पंपाची. इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या या लहानशा पंपातही पंखा पाण्यात आणि दांडा ऑइलमध्ये असतो, म्हणजे ग्लँडचाच जुना प्रश्न येथे आहे. दोरीची जागा आता यांत्रिक सीलने घेतली आहे. दोन गुळगुळीत चकत्या, बहुधा एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, स्प्रिंगच्या जोरावर एकमेकींवर फिरत राहतात. दांड्याच्या दुसऱ्या अंगाला ऑइल अडवणारे वेगळे सील असते, आणि या दोन सीलांच्या मधल्या जागेतून खाली एक बारीक भोक बाहेर उघडते. पाण्याचे सील झिजले तर कूलंट या भोकातून बाहेर येते, ऑइलचे सील गेले तर ऑइल येते, आणि कोणते सील गेले ते भोकच सांगते. हे भोक नसते तर कूलंट सरळ ऑइलमध्ये मिसळले असते आणि बेअरिंगांचा नाश झाला असता. तरीही सतत गळते म्हणून या भोकात एम-सील हे चिकटद्रव्य भरून ते बुजवण्याचे प्रकार होतात, आणि मग काही दिवसांनी ऑइल ताकासारखे पांढुरके होऊन गाडी परत येते. नदीकाठच्या पंपावर ग्लँडचे थेंब मोजून पाहणाऱ्या फिटराच्या हातून ही चूक झाली नसती. गळण्यासाठीच ठेवलेली जागा बंद करायची नसते हे त्याला ठाऊक होते.

सील वेळेआधी झिजण्यामागे बहुधा पाणीच असते. पातळी कमी दिसली की बोअरचे पाणी घालणे ही सवय ट्रकच्या काळापासून चालत आली. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर जॅकेटच्या भिंतीवर पांढरा थर धरतात, त्या थराचे कण सुटून सीलच्या चकत्यांमध्ये जातात आणि त्यांवर चर पाडतात. ज्या मेस्त्रीकडे बॅटरीचे शुद्ध पाणी कायम असते त्याच्याकडे या रोगाचे औषध आधीपासूनच होते, फक्त ते रेडिएटरसाठी वापरण्याची रीत नव्हती.

बाहेर कोठेच खूण न सापडल्यास संशय हेडच्या गॅस्केटवर जातो, आणि येथे ऑइल इंजिनाचा धडा जसाच्या तसा लागू पडतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे अखंड येत राहिले तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे भरताना अडकलेल्या हवेचेही असू शकतात, म्हणून ती हवा पूर्ण काढल्याशिवाय निर्णय करता येत नाही. झाकणाच्या जागी हातपंप बसवून बंद इंजिनात ठरावीक दाब भरण्याचे उपकरण आता मोठ्या गॅरेजांत आले आहे. काटा खाली येऊ लागला की गळती आहे हे निश्चित होते आणि शोध घाई न करता चालतो. तत्त्व हौदातील बुडबुड्याचेच आहे, फरक एवढाच की हौद आता गाडीच्या आत आहे.

रेडिएटर फुटल्यावर मात्र जुना डागवाला हतबल होतो, कारण आजच्या मोटारसायकलचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याला कथिलाचा डाग धरत नाही. हे काम आर्गन वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगकडे जाते. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ओतकाम आणि यंत्रकामाच्या वसाहतीमुळे तसे कारागीर जवळपास मिळू शकतात, ही या शहराची जमेची बाजू होय. चोर्ला किंवा आंबोली घाटातून गोव्याकडे आणि कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे केए २२ आणि केए २३ या स्थानिक नोंदणी-क्रमांकांच्या बरोबरीने कोल्हापूरच्या एमएच ०९ आणि गोव्याच्या पाट्याही या गॅरेजांत लागतात, आणि मेस्त्री ग्राहकाच्या बोलीनुसार मराठीतून कानडीत व कानडीतून मराठीत सहज जातो.

जुन्या धंद्यांतून विद्या आली तशी एक सवयही आली. ट्रकच्या रेडिएटरमधील गंजके पाणी रस्त्याकडेला सोडून देण्यात फारशी हानी नव्हती, आणि तीच रीत कूलंटच्या बाबतीत चालू राहिली आहे. इथिलीन ग्लायकॉल पोटात गेल्यावर त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. गोड चवीमुळे कुत्री ते चाटतात, आणि गॅरेजसमोर मोकळी फिरणारी जनावरे निपाणीच्या किंवा बेळगावच्या कोणत्याही रस्त्यावर असतात. वापरलेले ऑइल विकत घेणारे लोक असल्यामुळे ते डब्यात साठवले जाते. काढलेल्या कूलंटला गिऱ्हाईक नाही, म्हणून त्याच्यासाठी डबाही ठेवला जात नाही.